डोमनलालची अमर्जन्सी

डोमनलाल टेंभरेच्या घरातला फ्रिज बंद असतो. बिघडलेला नाही, बंद असतो. त्यात तो भाजीपाल्याचं बियाणं ठेवतो, उंदीर लागू नयेत म्हणून. ज्या माणसानं सगळी नोकरी विजेच्या खांबांवर काढली, त्याचा विजेवर काडीचा विश्वास नाही. "लाइन कवा जाते ते मले माहीत हाये, भौजी. म्याच जोडून ठेवली ना ते," असं तो म्हणतो.

डोमनलाल माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. नवरा गेला, भाऊ उरला. आमची दोन घरं एका भिंतीची. गोंदियाला कॉलेजात शिकवायची नोकरी संपल्यावर मी वर्षाचा बराच काळ इथं, बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या या गावात राहते, त्यामुळे त्याच्याबद्दल गावात काय बोलतात ते मला विचारावं लागत नाही. गाव त्याला 'डब्बेवाला' म्हणतं. तोंडावर लाइनमन साहेब, पाठीमागं डब्बेवाला.

कारण त्याचं कपाट. वीज मंडळाच्या लिलावातून आणलेलं, करड्या रंगाचं, लोखंडी. दुसऱ्यांच्या अशा कपाटात साड्या आणि जमिनीचे कागद असतात. याच्यात वरच्या कप्प्यात डबाबंद मासे, टूना आणि बांगडा. मधल्या कप्प्यात चिकन करीची जाड पाकिटं, उकळत्या पाण्यात टाकून नंतर कापायची ती. त्याखाली तेलात बुडवलेल्या मटणाच्या लोणच्याच्या बरण्या. आणि तळाला मडकी: सुकी मासोळी, सुके झिंगे, मधे मधे कडुलिंबाचा वाळला पाला. मासोळी बोदलकसाहून टोपली घेऊन येणाऱ्या बाईकडची. डबे आणि पाकिटं गोंदियाहून, महिन्याला पेन्शन काढायला गेला की पिशवी भरून.

"डोमनलाल, एकट्या माणसाला इतकं कशाला?" मी विचारलं होतं.

"अमर्जन्सी, भौजी."

"कसली इमर्जन्सी?"

"ते काय सांगून येते का?"

बोलणं तिथंच संपवायची त्याची पद्धत आहे. मी मात्र अशी अर्धी उत्तरं ऐकून घेत नाही, म्हणून पुढचं सगळं मला हळूहळू कळलं. काही त्यानं सांगितलं, काही मी पाहिलं.

आमच्या लोकांत मटण-मासोळी चुलीवर शिजत नाही. म्हणजे घरातल्या चुलीवर. घराच्या पुढे जी ओसरी असते, तिला सपरी म्हणतात, तिथं तीन विटा मांडायच्या, पुरुषांनी शिजवायचं आणि तिथंच बसून खायचं. भात मात्र आतल्या चुलीवरचा. तो बाईनं आणून वाढायचा, वरून, ताटाला हात न लावता. सुखवंता, डोमनलालची बायको, जन्मभर असाच भात वाढत आली. ती स्वतः खात नव्हती, पण कोणाचा रस्सा पातळ झाला आणि कोणी मीठ जास्त घातलं यावर तिचं मत असायचं, आणि ते ती बोलून दाखवायची.

तेव्हा या सपरीत गर्दी असायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणि धुळवडीला गावात बकरा हिस्स्यानं पडायचा. पळसाच्या पानांवर वाटे मांडायचे, नाव पुकारायचं आणि ज्यानं त्यानं आपला वाटा उचलायचा. डोमनलाल, दुर्गाप्रसाद आणि नोकरीवरचे आणखी दोघं मिळून मोठा हिस्सा घ्यायचे आणि तो इथंच शिजायचा. दुर्गाप्रसाद म्हणजे पलीकडच्या गल्लीतला बिसेन. तोही लाइनमनच. एक खांबावर, एक खाली, असे दोघं नागझिऱ्याच्या जंगलातल्या लायनीवर वादळात जायचे, पिशवीत पकड, दोर आणि कागदात गुंडाळलेली सुकी मासोळी घेऊन. कुठं अडकून पडावं लागेल याचा नेम नसायचा. मासोळी विस्तवावर भाजायची आणि पोटात ढकलायची. साठवण्याची सवय तिथली.

मग एकेक कमी झाला. नोकरीवरच्या त्या दोघांपैकी एक वारला, दुसरा मुलाकडे भिलाईला गेला. दुर्गाप्रसादची बायको फार आजारी पडली, तो नवस बोलला, ती बरी झाली आणि त्यानं माळ घातली. माळ घातल्यावर तो सपरीकडे फिरकेना. वासही नको म्हणायचा. रस्त्यात भेटला तर राम राम, बाकी काही नाही. मग कोरोनाच्या आदल्या हिवाळ्यात सुखवंता गेली. मुलगा धनेंद्र रायपूरला एका सिमेंटच्या गोदामात हिशेबनीस आहे. तो दिवाळीला येतो, दोन दिवस राहतो, वायफाय नाही म्हणतो आणि जातो.

एकट्याचा बकऱ्यात हिस्सा नसतो. कोणी त्याला नाही म्हटलं असं नाही. पण एवढं मटण एकटा माणूस करणार काय? पुकारणाऱ्यानं एका पोळ्याला त्याचं नाव घेतलं नाही, यानंही विचारलं नाही, आणि ते नाव गेलं ते गेलंच.

आत आता कोणी नाही, कोणाचं सोवळं मोडायचं नाही, तरी हा माणूस मासोळी करायची तर बाहेर येऊन तीन विटा मांडतो. भात आत शिजवतो, मग ताटात घेऊन बाहेर येतो. मी म्हटलं, आतल्या गॅसवर कर ना, कोण बघतंय? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घाणेरडं काही बोलले.

तुम्ही विचाराल, मग भौजी, तुम्ही का नाही बसलात त्याच्याबरोबर? एक तर मला मीठ बंद आहे, आणि सुकी मासोळी म्हणजे मिठाचा खडा. दुसरं, मी जाऊन बसले की हा ताट घेऊन भिंतीकडे तोंड करतो. मोठी भावजय, तिच्यासमोर हाडं चोखायची नाहीत. मी दोनदा बसून पाहिलं. दोन्ही वेळा त्यानं अर्धवट खाऊन हात धुतला. नंतर मी बसणं सोडलं.

आता कोरोनाच्या वर्षाचं. भादव्यात पाणी असं पडलं की नाल्यावरचा रपटा, म्हणजे पाणी वरून वाहून जावं असा बुटका सिमेंटचा रस्ता, दिसेनासा झाला. तो दर पावसाळ्यात बुडायचा, पण या वेळी पाणी उलटं फिरून खालच्या टोलीत, म्हणजे नाल्याकाठच्या वस्तीत, शिरलं. शाळेत क्वारंटाइनच्या खाटा होत्या, तिकडे जायला लोक घाबरले. डोमनलालचं घर उंचावर. टोलीतली सगळी माणसं, कोंबड्या, शेळ्या आणि एक टीव्ही असं सगळं त्याच्या सपरीत येऊन बसलं. तोंडाला गमछे बांधून, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. वीज नव्हती, भाजी नव्हती, दुकानातलं पीठसुद्धा संपलं. डोमनलालनं मडकी काढली.

मी तेव्हा इथंच होते. माझ्या घरून तांदूळ गेले, त्याच्या घरून मासोळी. टोलीतला सुखराम विटांवर मोठं गंज, म्हणजे पातेलं, चढवायचा. बायका वांगी कुठून तरी पैदा करायच्या. दिवसभर सपरीत आवाज. "लाइनमन साहेब, मीठ कमी हाये!" "तुह्या घरी का बदामाचा शिरा भेटते बे?" कोणी कोणाची शेळी लाथाडली म्हणून भांडण. आणि मधोमध डोमनलाल, खांद्यावर टॉवेल, पळी हातात, गडबडीत. सुखवंता गेल्यापासून मी त्याला तसं पाहिलं नव्हतं. पाणी उतरलं आणि माणसं चिखल काढायला टोलीत परतली, त्या दुपारी तो सपरी झाडत होता. झाडून झाल्यावरही झाडत होता.

पुढच्याच महिन्यात त्यानं ते कपाट आणलं.

हे मी स्पष्ट लिहिते, कारण गावात कोणी लिहिणार नाही: डोमनलाल पुराची वाट पाहत होता. कोणाचं घर बुडावं असं त्याला वाटत नव्हतं, तो तसा माणूस नाही. पण सपरी पुन्हा भरावी, आणि ती दुसऱ्या कशानं भरेल असं त्याला वाटत नव्हतं. म्हणून साठा. अन्नाची चिंता त्याला कधीच नव्हती. त्यानं त्यातला एक डबाही स्वतःसाठी उघडला नाही. हा घरी भाजी-भात खायचा, फार तर मूठभर सुकी मासोळी, आणि कपाट भरत जायचं.

मग सरकारनं पूल बांधला.

चांगला पूल बांधला. उंच, रुंद, दोन्ही बाजूंना कठडे. उद्घाटनाला पेढे वाटले. डोमनलालही गेला होता. परत येताना माझ्या दारात थांबला.

"झाला पूल," तो म्हणाला.

"बरं झालं. आता दवाखान्यात जायला अडणार नाही."

"हो." जायला वळला, पुन्हा फिरला. "पण लयच उच्चा बांधला, भौजी. एवढा उच्चा कायले पाह्यजे होता?"

पुढच्या दोन पावसाळ्यांत नाला भरला, पुलाखालून गेला. लोक मोटरसायकलवर वरून गेले. टोलीभोवती बांध घातला. कोणाला कोणाकडे जाऊन बसायची गरज उरली नाही. कपाटातल्या डब्यांवरच्या तारखा मात्र जवळ येऊ लागल्या.

एक दिवस त्यानं मला हाक मारली. टूनाचा एक डबा वेगळा काढून, पुसून, कपाटावर मांडला होता.

"हा पाहा. भरला दाना."

दोन्ही बाजूंनी डबा फुगला होता. छान गोल पोट आलं होतं त्याला. धानाची माणसं आम्ही. ओंबी हातात घेतली की दाणा दाबून बघायचा, पोट भरलं की चांगला, चपटा निघाला की पोचट. डोमनलालनं सगळे डबे तसेच दाबून पाहिले होते आणि हा त्याला सगळ्यांत सरस वाटला होता.

"फेक तो," मी म्हटलं.

"कायले?"

"आत सडलंय. वायू धरलाय. खाशील तर मरशील, गंमत नाही."

"धानाचं पोट भरलं तं चांगलं, अन् डब्ब्याचं भरलं तं जहर? असा कसा कायदा तुमचा?"

मी वाद घातला नाही, डबा उचलला आणि मागच्या वाडीत खड्डा करून पुरला. तो माझ्यामागं मागं आला, पण हात पुढे केला नाही. माती टाकून झाल्यावर मी विचारलं, "हा कोणासाठी ठेवला होतास वेगळा?"

"जो पयले येईन त्याच्यासाठी."

मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं. "डोमनलाल, पूर येणार नाही. लोकांना बोलव. हे सगळं खराब व्हायच्या आत शिजव आणि बोलव. नुसतं जेवायला या म्हण."

दोन-तीन दिवसांनी तो खरंच निघाला. धुतलेला शर्ट घालून घरोघर. मी काही त्याच्याबरोबर गेले नाही, पण गुड्डूच्या किराणा दुकानासमोर मी साबण घेत होते तेव्हाचं ऐकलं.

"आयतवारी जेवाले या सारे," डोमनलाल म्हणाला.

"कायचा कार्यक्रम हाये, काका?" गुड्डूनं विचारलं.

"कार्यक्रम नाई. असाच."

"असाच म्हणजे?"

"असाच म्हणजे असाच. मासोळी हाये, चिकन हाये. या."

गुड्डूनं तराजू खाली ठेवला. बाकावर सुखराम होता, त्यानं बिडी तोंडातून काढली. "लाइनमन साहेब, सरपंचाले उभे होऊन राहिले का?"

"नाई बे!"

"मंग मटण-मासोळी फुकट कोन चारते? पंचायतीचं इलेक्शन हाये ना दिवाळीनंतर."

"म्या कायले उभा राहू? या वयात?"

"मंग जमीन विकून राहिले का? धनेंद्रनं काही..."

"अरे असाच म्हणतो ना मी!"

"बरं बरं. पाहू, काका," गुड्डू म्हणाला, आणि 'पाहू' म्हणजे काय ते डोमनलाललाही कळतं. बारसं, तेरवी, लग्न, नवस, निवडणूक, प्रत्येक जेवणाला आमच्याकडे नाव असतं. बिननावाच्या जेवणाला गेलं तर उद्या काय मागेल कोणास ठाऊक. त्या रविवारी कोणी आलं नाही. डोमनलालनं काही शिजवलंही नव्हतं. बहुतेक त्याला आधीच कळलं होतं.

मग श्रावण सरताना झड लागली. सूर्य दिसत नव्हता. नाला पुलाच्या खांबांना धडका देत होता. सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर सपरीत धूर. विटांवर मोठं गंज, बाजूला दुसरं. सगळी मडकी बाहेर. कापलेल्या पाकिटांचा ढीग. वांगी चिरून ठेवलेली. डोमनलाल खांद्यावर टॉवेल टाकून वाकला होता. मला वाटलं, धनेंद्र येणार असेल. बरं वाटलं. मी पुन्हा माझ्या पुस्तकाकडे गेले.

नंतर कळलं ते असं. जेवण तयार झाल्यावर त्यानं फोन काढला. गावाचा ग्रुप आहे, त्यात सकाळी देवांचे फोटो आणि संध्याकाळी धानाचे भाव येतात. बोलून संदेश पाठवायचं बटण त्याला धनेंद्रनं शिकवलं होतं. ते दाबून तो म्हणाला, आणि मी तो आवाज नंतर गुड्डूच्या फोनवर ऐकला आहे, "मी डोमनलाल बोलून राहिलो. माह्या घरी अमर्जन्सी हाये. सारे या." मागं पावसाचा आवाज, आणि गंज रटरटल्याचा. गुड्डूला तो घरघर लागल्यासारखा वाटला.

त्याच्या मनात त्या शब्दाचा अर्थ एकच होता: पाणी, सपरी, माणसं, भात. गावाच्या मनात दुसरा एकच अर्थ आहे: कोणी तरी चाललं.

पहिला धावत आला गुड्डू, दुकान उघडं टाकून. त्याची हाक ऐकून मीही आमच्या मधल्या बुटक्या भिंतीशी आले. त्यानं वाटेतच ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता. मागून सुखराम, टोलीतले चार-सहा जण, खाट उचलायची तयारी करून. बायका पदर तोंडाला लावून. धनेंद्रलाही गुड्डूनंच कळवलं होतं. आणि सगळ्यांच्या मागून, भिजलेला, अनवाणी, एका हातात तुळशीची पानं आणि दुसऱ्या हातात गंगाजलाची पितळी लोटी घेऊन दुर्गाप्रसाद बिसेन. मरणाऱ्याच्या तोंडात घालायला. इतक्या वर्षांनी तो या सपरीची पायरी चढला होता.

डोमनलाल पळी घेऊन उभा.

"बसा," तो म्हणाला. आनंदानं त्याचा चेहरा असा झाला होता की मला दुसरीकडे पाहावं लागलं. "बसा जी, बसा. भात आनतो."

"पेशंट कोठी हाये?" गुड्डूनं विचारलं.

"कोनाचा पेशंट?"

"अमर्जन्सी म्हणलं ना तुमी!"

"हाये ना. पाऊस पाहा कसा लागला. बसा."

सगळे एकदम बोलायला लागले. टोलीतली एक बाई कपाळावर हात मारून हसायला लागली. सुखराम ओरडला, "बुड्ढा सटकला! माहे बैल बांधावर सोडून आलो मी!" गुड्डू फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्याला समजावत होता, "नहीं भैया, पेशंट नहीं है, गलती से लग गया, मत आओ," आणि तिकडून त्याला जे ऐकवलं गेलं ते आम्हालाही ऐकू आलं. कोणी म्हणालं, याला दवाखान्यात दाखवा. कोणी म्हणालं, काही नाही, एकट्याचं डोकं फिरतं.

तेवढ्यात डोमनलालचा फोन वाजला. धनेंद्र. फोन कानाला लावला तरी त्याचा आवाज सपरीभर येत होता.

"बाबा! बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"बरा हाओ."

"मग काय झालं? गुड्डू म्हणाला, सिरियस..."

"काही नाई झालं. लोकाइले जेवाले बोलावलं."

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. मग धनेंद्र म्हणाला, "मी गोदामाच्या कामाला राजनांदगावलाच आलो होतो, बाबा, तिथून निघालोय. साहेबाच्या हातापाया पडून सुट्टी घेतली."

"मंग ये ना. आलाच हायेस तं."

"उद्या ऑडिट आहे बाबा. तुम्ही असं का करता?"

"पाऊस थांबला की ये मंग."

"बघतो." आणि तो राजनांदगावहून माघारी फिरला. मी धनेंद्रला दोष देत नाही. पण इतक्या जवळ येऊन माघारी फिरला, एवढं लिहायलाच हवं.

वास मात्र चांगला सुटला होता. वांगं आणि सुकी मासोळी, त्यात चिंच. लोकांचा राग तसा टिकत नाही. टोलीतली ती हसणारी बाई म्हणाली, "शिजवलं तं शिजवलं. आता का फेकाचं हाये?" ती घरी गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. मग दुसरी आली. सुखराम मोठी बादलीच घेऊन आला. "घरी लेकरं खाईन," तो म्हणाला. गुड्डूनं दुकानातून प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. डोमनलाल वाढत होता. "अरे इथंच बसा ना. गरम हाये." "नाई जी, दुकान उघडं हाये." "बैल हायेत." "पोरगी शाळेतून येईन आता." प्रत्येकाला जायला जागा होती. डबे भरले, झाकणं लागली, छत्र्या उघडल्या. कोणी वाईट वागलं नाही. उलट जाताना बरेच जण म्हणाले, झकास झाली बरं, लाइनमन साहेब. एक मोटरसायकल सुरू झाली, मग दुसरी. पाऊस पुन्हा जोरात आला तेव्हा सपरीत ओल्या पायांच्या खुणा होत्या, तळाला गेलेलं एक गंज होतं, आणि दुर्गाप्रसाद होता.

तो लोटी हातात धरून अजून उभाच होता. सत्तरी ओलांडलेला, हडकुळा, दम लागलेला. मी भिंतीपलीकडून त्याला कोरडा टॉवेल दिला. त्यानं तो घेतला आणि डोमनलालवर तोंड सोडलं.

"लाज नाई वाटत तुले? अं? मी धावत आलो! चप्पल घालाले फुरसत नाई भेटली! गुडघा पाह्य माहा! वाटेत दोनदा पडलो मी!"

"बस ना," डोमनलाल म्हणाला.

"मी कायले बसू इथं? काय वास सोडून ठेवला! माळकरी माणूस मी! तुले माहीत हाये ना?"

"माहीत हाये."

"मंग?"

डोमनलालनं पळी गंजावर ठेवली. तो आत गेला. आतून भांड्याचा आवाज आला. आपला भात ताटात घेऊन तो बाहेर आला, गंजाच्या तळाचं खरवडून त्यावर घेतलं आणि विटांशेजारी बसला. जेवायला लागला नाही. ताट पुढे घेऊन नुसता बसला.

दुर्गाप्रसादनं पायरीकडे पाहिलं, पावसाकडे पाहिलं. मग सपरीच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या उलट बाजूला, गंजाकडे पाठ करून तो खाली टेकला. लोटी बाजूला ठेवली.

"खा," तो म्हणाला. "मी बसलो हाओ. पाऊस उघडू दे."

डोमनलाल खायला लागला. दुर्गाप्रसाद पाठमोराच बोलत राहिला. नागझिऱ्यात एकदा तू असाच मले खांबाखाली उभा ठेवून विडी पेत बसला होता. तवाही तू असाच. डोक्यानं कमीच तू पयलेपासून. सुखवंताबाई होती म्हणून निभलं तुह्यं. बायकोले घेऊन एवढ्यात गोंदियाले गेलतो, डाक्टरनं गुडघ्याचं आपरेशन सांगितलं, मी म्हणलं कायले पाह्यजे. डोमनलाल मधूनच "हो" म्हणत होता, "अस्सं?" म्हणत होता, "मंग?" विचारत होता. दुर्गाप्रसाद शिव्या द्यायचा, मग पुढचं सांगायचा.

मी आत येऊन खिडकीशी बसले होते, ती लावायला उठले तेव्हा पाऊस उघडलेला होता. पागोळ्याही थांबत आल्या होत्या. डोमनलालनं ते पाहिलं होतं. दुर्गाप्रसादची पाठ अंगणाकडे नव्हती, म्हणजे त्यालाही दिसत असणार. डोमनलालच्या ताटात भात संपत आला होता. तो आता घास घेत नव्हता, एकेक शीत बोटानं वेचत होता, काटा नसलेल्या जागी काटा शोधत होता.

"झालं का तुह्यं?" दुर्गाप्रसादनं मान न वळवता विचारलं.

"नाई," डोमनलाल म्हणाला. "भात आनतो अजून थोडा."

"आन. पटकन आन."

तो ताट घेऊन उठला.